पेट्या भरण्यात आल्या

रत्नागिरी
७ एप्रिल २०२५

मामा,

नमस्कार. मामीलाही सांगा. फोनवर तुम्हाला माझं "हॅलो" तेवढं ऐकू येतं आणि पुढच्या सगळ्याला तुम्ही "बरं, बरं" म्हणता. परवा मी ताप आलाय म्हटलं, त्यावरही "छान झालं" म्हणालात. मेसेज केला तर मुंगीच्या अक्षरातला म्हणून उघडत नाही. शेवटी आईच म्हणाली, दादाला पत्र लिही, तो कागदाचा माणूस आहे. म्हणून बसले आहे.

नोकरी लागून महिना झाला. हातखंब्याच्या वाटेवर आमचं आंबा निर्यातीचं पॅकहाऊस आहे. बागांतून आलेला हापूस इथे धुतात, पुसतात, निवडतात आणि पेट्यांत भरून परदेशी पाठवतात. मी गुणवत्ता तपासनीस. नाव मोठं आहे, काम म्हणजे दिवसभर आंबे हातात घेऊन उलटेपालटे करायचं. डाग दिसला की फळ बाजूला. बाजूला ठेवलेले आम्हीच खातो, त्यामुळे इथे माझ्यावर कोणी रागावत नाही.

पण एका कामात माझी फजिती झाली आहे. आमच्या मालकांच्या वडिलांना वाचता येत नसे. मुनिमाने कागदावर काय लिहिलंय ते कळावं म्हणून त्यांनी पद्धत घातली, की दर शनिवारी आठवड्याचा अहवाल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. सगळे ऐकताहेत म्हटल्यावर मुनिमाला खोटं वाचता येणार नाही, हा हिशेब. थोरले मालक गेले, पण पद्धत राहिली. शनिवारी शेवटची गाडी सुटली की सगळ्यांना चहा आणि बटर मिळतो आणि मालक अहवाल वाचतात. तो अहवाल आता मी लिहायचा.

मी पहिला अहवाल असा लिहिला: "या आठवड्यात सखूताई आणि त्यांच्या बायकांनी पेट्या भरल्या. मी रोज फळं तपासली. बुधवारी पाणी उशिरा आलं म्हणून आम्ही खोळंबलो." आमचे मॅनेजर हर्षद साहेब चिपळूणचे. माणूस चांगला आहे, फक्त सतत घाईत. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "मृणाली, हा निबंध आहे की अहवाल? मी काय, आम्ही काय, सखूताई काय. जरा प्रोफेशनल लिहा." म्हणजे कसं, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता.

तुम्ही जन्मभर कचेरीत अव्वल कारकून होतात. आई म्हणते, दादाच्या मसुद्याला साहेबसुद्धा हात लावत नसत. तेव्हा मला शिकवा. शनिवारच्या आत नाही जमलं तरी पुढच्यासाठी चालेल.

तुमची,
मृणाली

---

आंजर्ले
१२ एप्रिल

चि. मृणाली,

तुझे पत्र प्राप्त झाले व त्यातील मजकूर अवगत झाला.

आता हे वाक्य नीट बघ. पत्र कोणी आणलं, कोणी फोडलं, कोणी वाचलं, यातलं काही त्यात आहे का? खरं म्हणजे पोस्टमनने ते कुंपणावरून फेकलं, तुझ्या मामीने उचलून फोडलं आणि माझ्या आधी वाचून काढलं. यावरून आमच्यात तासभर वाजलं. पण कागदावर भांडणाचा मागमूस नाही. पत्र प्राप्त झाले. आपोआप, पारिजातक पडावा तसं.

शाळेत याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणून शिकवलं असेल. आम्ही कचेरीत त्याला छत्री म्हणायचो. वरून काही पडलं तरी खाली उभा असलेला माणूस भिजत नाही. "मी फळं तपासली" असं लिहिलंस की उद्या कोणी विचारणार, नीट तपासलीस का? "फळांची तपासणी करण्यात आली" म्हटलं की प्रश्न हवेत राहतो. "आम्ही खोळंबलो" नव्हे, "कामास विलंब झाला". "सखूताईंनी पेट्या भरल्या" नव्हे, "पेट्या भरण्यात आल्या". तुझे साहेब खूश होतील, लिहून ठेव.

ही नुसती पळवाट आहे असं समजू नकोस हं. कित्येक ठिकाणी तेच योग्य असतं. आंबा कसा धुतला जातो, कसा वाळवला जातो हे सांगताना धुणाऱ्याचं नाव कशाला? तिथे काम महत्त्वाचं. आणि दुसरं, कुणा गरिबावर बालंट येत असेल तर त्याच्यावर ही छत्री धरावी. "कागद गहाळ झाल्याचे आढळून आले" एवढ्या वाक्यात मी कितीतरी शिपायांना कोरडं ठेवलं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

सवय इतकी लागली, की घरीही तसंच बोलतो. परवा मी म्हटलं, "आमटी खारट झाल्याचे निदर्शनास आले आहे." मामी म्हणाली, "पानावरून उठण्यात यावे." तिला सगळं ऐकून ऐकून येतं. कानाचं यंत्र घ्या म्हणून ती कैक वर्षं माझ्या मागे आहे. मी तिला सांगितलं आहे, सदर बाब विचाराधीन आहे. विचाराधीन हा फार गुणी शब्द आहे. त्याला माणूस नाही आणि तारीखही नाही.

हर्णैहून रत्नागिरीला येणाऱ्याबरोबर कोकमाची सोलं पाठवली होती ती पोचली का, ते कळव. आजारपणाबद्दल वाचून वाईट वाटलं. "छान झालं" हे शब्द मागे घेण्यात येत आहेत.

तुझा,
गंगाराममामा

---

रत्नागिरी
२१ एप्रिल

मामा,

सोलं पोचली. सारही झालं.

तुमच्या छत्रीने कमाल केली. हर्षद साहेबांनी माझा अहवाल वाचला, मान वर केली आणि म्हणाले, "आता कसं." एकही शब्द बदलला नाही. मी दिवसभर तरंगत होते.

शनिवारी मालकांनी तो वाचला. "पेट्या भरण्यात आल्या. फळांची प्रतवारी करण्यात आली. शेडची साफसफाई करण्यात आली." बायका चहा घेत ऐकत होत्या. सखूताई, आमच्या भरणाऱ्या बायकांची मुकादम, पुढेच बसलेली. तिनं शेजारणीला विचारलं, "ह्या पेट्या कुनी भरल्यान म्हनाय?" शेजारीण म्हणाली, "ऐकलं नाय? भरन्यात आल्या." सखूताई म्हणाली, "मंग आठवडाभर आपून काय करत होतो?" सगळ्या हसल्या, मालकही हसले. मीही हसले, पण सखूताई माझ्याकडे बघत होती आणि ती हसत नव्हती. पूर्वीच्या मुनिमाच्या अहवालात तिचं नाव असायचं, हे मला नंतर कळलं. मला जरा कसंतरी वाटलं.

आता खरी अडचण सांगते. गेल्या आठवड्यात आमच्या एका गाडीतल्या पेट्या मुंबईच्या तपासणीत अडकल्या आणि काल सगळा माल परत आला. कारण पेट्यांत पेंढा सापडला. परदेशी जाणाऱ्या मालात पेंढ्याची काडीसुद्धा चालत नाही, त्यातून कीड जाईल अशी त्यांना भीती असते. म्हणून आम्ही प्रत्येक आंब्याला फोमची जाळी घालतो.

झालं असं. त्या संध्याकाळी जाळ्या संपल्याचे कळवण्यात आले. गाडी थांबवणे शक्य नसल्याने काहीतरी करून पेट्या भरण्यास सांगण्यात आले. मग सखूताईनं शेजारच्या बागवाल्याच्या अढीतला पेंढा आणला आणि आंब्यांच्या मध्ये घातला. मामा, आपल्याकडे कोणीही हेच केलं असतं. आपण लहानपणापासून आंबा पेंढ्यातच बघितला आहे. पेंढ्याशिवाय पेटी भरायची म्हणजे बाळाला दुपट्याशिवाय ठेवायचं, असं सखूताई नेहमी म्हणते.

पण आता सगळ्यांच्या तोंडी एकच आहे, सखूनं पेंढा घातला. मालक गिऱ्हाइकांना समजवायला मुंबईला गेलेत. ते येईपर्यंत तिनं कामावर येऊ नये असा निरोप गेला. ती डबा घेऊन घरी गेली. पॅकहाऊस उघडलं त्या दिवसापासून ती इथे आहे. मालक परत आल्यावर मी अहवाल द्यायचा, तो शनिवारी वाचला जाणार आणि त्यावर तिचं काम राहायचं की जायचं ते ठरणार.

तिच्यावर छत्री कशी धरू? लवकर लिहा.

मृणाली

---

आंजर्ले
२५ एप्रिल

चि. मृणू,

तुझं पत्र वाचल्यापासून माझं डोकं तापलं आहे. सखूचं राहू दे बाजूला, मी तुला आधी दुसरं सांगतो.

"काहीतरी करून पेट्या भरण्यास सांगण्यात आले." अगं, कोणी सांगितलं हे मला न कळायला मी काय काल जन्मलो? तुझ्या त्या घाईतल्या हर्षदनं. गाडी सुटायला पाहिजे, जाळ्या असोत नसोत. साहेब लोकांची ही खोड मला तोंडपाठ आहे. हुकूम तोंडी द्यायचा आणि अंगावर आलं की हात वर करायचे. आणि तू पोर, नोकरी कच्ची म्हणून त्याला झाकते आहेस. माझीच छत्री घेऊन माझ्याचसमोर.

छत्री खालच्या माणसावर धरायची असते, वरच्यावर नव्हे. तेव्हा अहवालात सरळ लिही: "मॅनेजर हर्षद यांनी सांगितलं." घाबरू नकोस. फार तर काय होईल?

मी हे मामीला वाचून दाखवलं. ती माझ्यापेक्षा जास्त भडकली. या हर्षदची आत्या बुरोंडीला दिली आहे, हे तुला माहीत नसेल, मामीला आहे. काल बाजारात ती दोघींना भेटली, म्हणजे मामी आणि तिची बहीण यांना. मामीनं तिला भर बाजारात सुनावलं, की तुमच्या भाच्यानं स्वतःचं पाप एका गरीब बाईच्या पदरात टाकलं. आत्या बिचारी मासळी न घेताच घरी गेली. बघू आता त्याला घरून काय ऐकावं लागतं.

काळजी करू नकोस. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.

गंगाराममामा

---

रत्नागिरी
२९ एप्रिल

मामा,

कालच्या दुपारी हर्षद साहेबांना त्यांच्या आत्याचा फोन आला. ते फोन कानाला लावून शेडच्या बाहेर गेले ते बऱ्याच वेळानं आले. माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "मृणाली, मी सखूताईंना काय सांगितलं म्हणे? मी तर त्या दिवशी चिपळूणला होतो. मुलाला बरं नव्हतं." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग घरी आले तर तुमचं पत्र आलेलं.

मामा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं.

त्या दिवशी साहेब रजेवर होते, सगळं माझ्या भरवशावर टाकून गेले होते. दुपारनंतर काम कमी झालं, म्हणून मी मैत्रिणींबरोबर आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. तासाभरात परत येऊ असं ठरवलं होतं. तिथे असताना सखूताईचा फोन आला, बाय, जाळ्या संपल्या, काय करू? जाळ्या मागवायचं काम माझंच, तेही मी विसरले होते. वारा एवढा होता की नीट ऐकूही येत नव्हतं. मी म्हटलं, "काहीतरी करा, पण गाडी चुकवू नका," आणि फोन ठेवून दिला. पेंढा का चालत नाही हे मी तिला कधी समजावून सांगितलंच नव्हतं. तिला ठाऊक असेल असं मी धरून चालले.

सखूताईनं हे कोणालाही सांगितलं नाही. तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घातलाय पेंढा." माझं नाव घेतलं नाही. तीही गप्प आणि मीही गप्प, फक्त ती घरी बसली आहे आणि मी कामावर जाते.

तुम्हाला लिहिताना मला "मी" लिहिवलं नाही. तुम्ही शिकवलेलं वाक्य हाताशी होतं, ते घातलं. मला वाटलं, त्यात कोणीच दिसत नाही म्हणजे कोणालाच त्रास नाही.

हर्षद साहेबांना मी काल संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? शनिवारी सगळ्यांसमोर तुम्ही स्वतः वाचा." मालक पुढच्या आठवड्यात येताहेत. मी ठरवलं आहे. माझ्या वाट्याचं सगळं "मी" म्हणून लिहीन, आणि सखूताईवर मात्र तुमची छत्री धरीन. तिच्यावर आणखी एक शिंतोडा उडू देणार नाही. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. पायलीभर भीती वाटते आहे.

मामीला रागावू नका. रागावायचं तर माझ्यावर.

मृणाली

---

आंजर्ले
३ मे

चि. मृणू,

रागावलो नाही. तुझं पत्र वाचून मी ओटीवर नुसता बसून राहिलो, मामीनं चहा आणून ठेवला तो थंड झाला.

मला एकच गोष्ट लागून राहिली आहे. तू माणसाची जागा रिकामी ठेवलीस आणि मी, एवढा जाणता, तिथे पहिला आठवला त्याला बसवून मोकळा झालो. हर्षदनं माझं काय वाकडं केलं होतं? तुमच्याकडच्यांनी त्याच जागेवर सखूला बसवलं. जागा रिकामी राहत नाही, पोरी. कोणीतरी तिथे बसतोच, आणि बहुधा ज्याला उठून जाता येत नाही तो बसतो. इतकी वर्षं मसुदे लिहिले, पण हे असं समोर कधी आलं नव्हतं.

मामी आज सकाळीच फणसाची सांदणं घेऊन बुरोंडीला गेली. हर्षदच्या आत्याची माफी मागून येते म्हणाली. मी बरोबर येऊ का विचारलं तर म्हणाली, तुम्ही आलात तर "माफी मागण्यात येत आहे" म्हणाल.

तू ठरवलंस ते बरोबर आहे. स्वतःचं नाव घाल, सखूवर छत्री धर. याहून चांगला मसुदा मीही केला नसता. नोकरी गेली तर इकडे ये. खोली आहे, भात आहे, आणि माझ्याशी ओरडून बोलायला मामीला एक मदतनीस हवीच आहे. तू माझी भाची आहेस याचा मला आज नेहमीपेक्षा जास्त आनंद आहे.

तुझा,
मामा

---

रत्नागिरी
१२ मे

मामा,

परवा झालं वाचन. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तुम्ही अधलंमधलं विचारत बसाल.

ज्याच्याबद्दल अहवाल असेल त्याला ऐकायला बोलवायचं, ही थोरल्या मालकांची पद्धत. त्यामुळे सखूताई आली होती. धुतलेलं पातळ नेसून, केसांत अबोलीचा वळेसर घालून, जशी काही लग्नाला आली आहे. मागे उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. मी मालकांना म्हटलं, आजचा अहवाल मी वाचते. ते म्हणाले, वाच.

मी वाचलं: "त्या संध्याकाळी जाळ्या संपल्या. जाळ्या वेळेवर मागवणं माझं काम होतं, मी ते केलं नाही. सखूताईंनी मला फोन केला तेव्हा मी कामाची वेळ असून आरे-वारेला गेले होते. मी त्यांना 'काहीतरी करा, पण गाडी चुकवू नका' असं सांगितलं आणि फोन ठेवला. पेंढा चालत नाही हे मला माहीत होतं. मी ते लाइनवरच्या कोणालाही समजावून सांगितलं नव्हतं." कोणी बटर मोडत नव्हतं की कप वाजत नव्हता. पुढचं वाक्य मी फार विचार करून लिहिलं होतं, त्या एका वाक्यासाठी रात्रभर चार कागद फाडले होते. "त्यानंतर उपलब्ध साहित्याचा वापर करून पेट्या भरण्यात आल्या."

"थांब गो," मागून आवाज आला.

सखूताई पुढे आली. म्हणाली, "उपलब्ध साहित्य काय? पेंढा म्हन. आनि भरन्यात आल्या कशाला? मी भरल्या. पेंढा मी घातलाय. हातानं झाडून, निवडून, एकेक काडी बघून घातलाय." मग मालकांकडे वळली. "पेट्या परत आल्या तवा तुमी उघडल्यात ना? मुंबईस जाऊन आल्या, एवडे धक्के खाल्ले. एक तरी आंबा चेपला होता काय, सांगा."

मालकांनी मान हलवली. मग म्हणाले, "नाही. एकही नाही."

"मंग?" सखूताई म्हणाली. "नको होता तर नको होता, आता कळला, परत घालनार नाय. पन भरल्या मी." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा तू सांगितलंस, बरा केलंस. माझा मी सांगतंय. मधी कुनाला घुसवू नको."

मामा, मला वाटलं होतं मी तिला वाचवते आहे. तिला ते वाचवणं नको होतं. घरी बसवलं याचं तिला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त तिला ते "भरण्यात आल्या" लागलं होतं. पहिल्या शनिवारपासून. मी तिचं नाव पुसलं होतं आणि वर उपकार केल्याच्या भावनेत होते. मला तिथेच रडू आलं. ती म्हणाली, "आता चाय पी, निवून गेली बघ."

मालकांनी निकाल तिथेच दिला. सखूताई सोमवारपासून, म्हणजे आजपासून, कामावर. काय चालतं आणि काय नाही ते मी सगळ्यांना बसवून समजावून सांगायचं, आणि का ते पण सांगायचं. माझी नोकरी पक्की व्हायची होती ती या वर्षी होणार नाही, पुढच्या सीझनला बघू म्हणाले. ते बरोबरच होतं. हर्षद साहेब जाताना म्हणाले, "माझ्या आत्याला सांदणं आवडली." एवढंच, पण हसून म्हणाले.

आता पुढचा अहवाल लिहायला बसले आहे. "सखूताई, तेजस्वी, जन्नत आणि इतरांनी पेट्या भरल्या" असं लिहिलं, तर आज दुपारी डबा खाताना एकेक जण येऊन विचारून गेली, त्या "इतरां"त मी आहे काय? म्हणून सगळी नावं घातली. अहवाल दोन पानं झाला आहे. साहेब कपाळाला हात लावतील, पण वाचणार मीच आहे. मालकांनी ते काम माझ्याकडेच ठेवलं.

तुमची,
मृणाली

---

आंजर्ले
१७ मे

चि. मृणू,

तुझं पत्र मी पोस्टमनच्या हातातून घेतलं, मी फोडलं आणि मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि माझा आवाज मला ऐकू आला.

हो. मी कानाचं यंत्र घेतलं. सखूचं बोलणं वाचून मला घरात बसवेना. ती बाई सगळ्यांसमोर "मी घातलाय" म्हणू शकते, आणि मी इथे एवढ्याशा गोष्टीसाठी विचाराधीनाच्या मागे दडून बसलो आहे. परवा दापोलीला जाऊन आलो.

समुद्र एवढा आवाज करतो हे मी विसरलो होतो. तुझी मामी काम करताना स्वतःशी गुणगुणते, हेही. मला वाटत होतं, तिनं ते कधीच सोडलं.

तर आता असं. सीझनचा शेवटचा शनिवार येतो आहे. मी सकाळच्या गाडीनं रत्नागिरीला येतो. तुझा अहवाल मी तुझ्या तोंडून, सगळ्यांमध्ये बसून ऐकणार आहे. मालकांना सांग, एक बटर जास्त मागवा. आणि सखूताईला माझा नमस्कार सांग. मी सांगितला म्हणून सांग.

तुझा,
गंगाराममामा

ता. क. मृणू, हे खाली मी लिहिते आहे, मामी. "मी यंत्र घेतलं" हे खरं नाही. डॉक्टरांची वेळ मी घेतली, दापोलीच्या गाडीत त्यांना मी बसवलं आणि दवाखान्याच्या पायरीवरून ते मागे फिरले तेव्हा हाताला धरून आत मी नेलं. त्यांनी नुसता कान पुढे केला. सखूला माझाही नमस्कार, तिनं तिचं सांगितलं म्हणून मलाही माझं सांगावंसं वाटलं. घरी आल्यावर ते ओटीवर बसले आणि मी मागच्या दारी गेले. तिथून मी हाक मारली. हल्ली मारते तशी ओरडून नाही, लग्न होऊन आले तेव्हा मारायची तशी. त्यांनी ओ दिली.